नको म्हणजे किती वेळा नको

माझा धंदा मंडपाचा आणि जेवणावळींचा. लग्नं, साखरपुडे, सत्कार, अलीकडे परिषदासुद्धा. कार्यक्रम उरकला की मागे जे पडलेलं असतं ते पाहून मला अपराधी वाटतं. हे मी इतक्यांदा बोलून दाखवलंय, की आमच्या घरात माझ्यासमोर पाण्याची बाटली उघडायची चोरी झाली आहे. बायको म्हणते, "एवढं वाटतंय तर धंदा बंद करा, नाहीतर तोंड." दोन्ही जमलेलं नाही.

त्यामुळे आळेफाट्याजवळ दाजींच्या लॉनवर शेती आणि पाण्यावरची परिषद ठरली आणि आयोजक बाईंनी 'शून्य कचरा' असे शब्द उच्चारले, तेव्हा मी जरा जास्तच पेटलो. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. त्यांना कचऱ्याचं सोयरसुतक नव्हतं. शेजारी एसी कार्यालय झाल्यापासून त्यांच्या लॉनवरची लग्नं आटली होती. येडगावकडचे एक वजनदार बागायतदार मुलीच्या लग्नासाठी जागा बघत होते आणि तेही परिषदेला येणार होते.

"पावणं," दाजी म्हणाले, "त्यो माणूस खूश झाला पायजे. त्यानं लग्न हितं केलं तर बाकीचे मागनं येत्यात. न्हाईतर मी लॉन नांगरून कांदा लावतो."

मी बाटल्या बंद केल्या, माठ मांडले, फ्लेक्सऐवजी कापडी फलक रंगवून घेतला. डिंभ्याकडच्या बायकांनी टाचलेल्या पळसाच्या पत्रावळी आणल्या. पण खरा नास होतो तो पानात टाकलेल्या अन्नाचा, आणि तो होतो आग्रहामुळे. म्हणून वाढप्यांना एका रांगेत उभं करून बजावलं, "माणूस नको म्हणाला की पुढं सरकायचं. आग्रह करायचा नाही."

"कुनालाच न्हाई?" एकानं विचारलं.

"कुणालाच नाही."

पुण्याहून मंडळी आली. पर्यावरणासाठी एकेका गाडीत एकेक जण. मासवडीत मासा नसतो, बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण असतं, हे त्यांना समजावण्यात माझा बराच वेळ गेला. मग पंगती बसल्या. पुण्याच्या पंगतीत ज्याला हवं तो हो म्हणत होता, नको त्याला नको. आमच्याकडच्या पंगतीत वाढपी मासवडी घेऊन बागायतदारांपुढे आला. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "नको, नको." वाढपी पुढं गेला. हात तसाच राहिला.

आमच्याकडे पहिला नको हा आपण हावरे नाही म्हणून असतो, दुसरा आपण चांगल्या घरचे म्हणून. तिसऱ्यानंतर माणूस दोन वड्या घेतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. सत्कार्याच्या धुंदीत मी ते साफ विसरलो होतो. अख्खी पंगत मूठभर भातावर उठली.

पत्रावळी इतक्या स्वच्छ, की पुन्हा मांडल्या असत्या तरी कळलं नसतं. आत रश्श्याची पातेली काठोकाठ. आयोजक बाईंनी पत्रावळींचे फोटो काढले. "इतकी जागरूकता मी शहरातही पाहिली नाही," त्या म्हणाल्या. मी थँक्यू म्हणालो.

तेवढ्यात दाजी आले. चेहरा पांढराफटक. "त्ये गाडीकडं निघालं. सुपारी बी घेतली न्हाई. म्हनलं, शहरातली मान्सं असल्यावर आपल्याला कोन इचारतंय."

"आता काय करू?"

"काय करू काय? तुमीच बंद केला न्हवं आग्रह? जावा, तुमीच चालू करा."

मी पळत गाडीपाशी गेलो. त्यांनी दार उघडलं होतं.

"तुम्ही मासवडी घेतलीच नाही."

"झालं की जेवान. लई झालं."

"दोनच वड्या. माझ्यासाठी."

"नको राव, डॉक्टरनं तेलकट बंद केलंय."

मी त्यांचा दंड धरला. "तुम्ही उपाशी गेलात तर दाजी मला बहिणीच्या घरात घेणार नाहीत."

"तुमचं आपलं कायतरीच," ते म्हणाले आणि त्यांनी गाडीचं दार बाहेरूनच लावलं.

ते फिरले तशी त्यांच्या पंगतीतली सगळीच फिरली. नव्या पत्रावळी पडल्या. बादली मी स्वतः घेतली. ते बास म्हणाले, मी वाढलं. ते पुन्हा बास म्हणाले, मी पुन्हा वाढलं. त्यांनी हात आडवा घातला, तर रस्सा बोटांवरून खाली गेला. त्यांनी बोटं चाटली आणि दाजींकडे बघितलं.

"आता कुटं जेवल्यागत वाटतंय. तारीख धरा भाऊ, पोरीचं हितंच करू. पन वाढायला ह्यांस्नी ठेवा."

उपरण्यानं तोंड पुसत दाजी पंचांग बघायला ऑफिसकडे निघाले.

पंगत उठली. बागायतदारांच्या पानात दीड वडी आणि भाताचा ढीग. शेजारच्या पानात तेच, त्याच्या शेजारीही तेच. समोरून आयोजक बाई पुन्हा मोबाइल काढून येत होत्या. त्यांच्याआधी पोचायला हवं होतं. मी वाकून पत्रावळी भराभर दुमडत सुटलो, अन्न आत आणि पळसाची पानं बाहेर.