तिसरं नाव केवळरामचं

केवळराम मेश्रामची आणि माझी पहिली भेट सुरू झाली तेव्हा मी तरुण होतो. ती संपली तेव्हा माझ्या कानशिलावर पांढरे केस आले होते. साल १९९९. मी शाळामास्तर; गोंदियाजवळच्या फुलचूरच्या एका राइस मिलमधून दोन कट्टे, म्हणजे दोन पोती, तांदूळ आणायला गेलो होतो. फाटकाशी बाकावर हा माणूस बसलेला, कमरेला गोदामाची किल्ली, समोर दोन हातांनी उचलावं लागेल असं रजिस्टर आणि त्याला दोऱ्याने बांधलेला पेन. त्याने माझी चिठ्ठी घेतली आणि वाचायला लागला. शेजारच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, तेव्हा रोपांची रोवणी चालू होती. खोटं सांगत नाही, धान निसवलं, कापलं, गाडीत भरून गेलं, तरी तो वाचतच होता.

"गुरुजी, हे अक्षर तुमचं नोहोय," शेवटी म्हणाला.

"बायकोचं आहे."

"मंग त्याहिले पाठवाचं होतं. तुमी कायले आले?"

मिलमधल्या चौदाही माणसांचं अक्षर तो ओळखायचा. माल बाहेर काढेल त्यानेच रजिस्टरात लिहायचं, हा त्याचा कायदा. तो सुटीवर असला तरी रजिस्टर उघडं आणि पेन बांधलेला असायचा. दुसऱ्या दिवशी येऊन तो नुसतं पान पाहून सांगायचा, "हे भैय्यालालनं लिवलं. घाईत होता, चहा राहिला असन त्याचा."

२०१२ साली मालक इंदरलाल सेठ यांनी मिलसाठी वर्षाच्या वर्गणीचं सॉफ्टवेअर घेतलं. ते विकणारा बंटी नावाचा मुलगा तीन तास समजावत होता. बेसिक, प्लस आणि प्रीमियम अशी तीन पॅकेजं. बेसिकमध्ये फक्त तीन लॉगिन. सोबत हजेरीचं, हवामानाचं आणि नोकरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडणारं अशी तीन अ‍ॅपं. कोणी, केव्हा, कुठल्या फोनवरून काय केलं याची नोंद हवी असेल तर प्रीमियम.

"बर्थडेवाला बेसिक में है ना?" सेठ म्हणाले. "तो बस."

एक लॉगिन सेठांचं, दुसरं मुनीमजींचं, तिसरं केवळरामचं. पडद्यावर नाव पाहून तो असा फुलला, की बायकोला, कुसुमबाईंना, मुद्दाम दाखवायला घेऊन आला. आठवड्याने मी गेलो तर गोदामाच्या दाराला आतून खडूने त्याचा पासवर्ड लिहिलेला.

"अहो, हे काय?"

"पेन बांधून ठेवत होतो ना जी, तसंच. मी नसलो तं काम थांबन का?"

"पण नाव तुमचं लागेल."

"मशीन आहे गुरुजी. कोनाचं बोट होतं ते तिले समजतेच."

मी हसून सोडून दिलं. सोडायला नको होतं.

पुढच्या मे महिन्यात केवळराम भाचीच्या, अल्काच्या, लग्नाला अर्जुनी मोरगावला गेला. त्याच दिवशी साठ कट्टे फाटकाबाहेर गेले. गेटपासवरच्या नंबरचा ट्रक आर.टी.ओ.च्या नोंदीत नव्हता आणि ज्याच्या नावे माल, तो व्यापारी गोंदियात कुणी पाहिलेला नव्हता. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं केवळराम.

"मी लग्नात होतो सेठजी. दोनशे लोकानं पाह्यलं."

सेठांनी आपला मोबाइल वर धरला. "ये फोन पे भी चलता है. लग्न में बैठके भी चलता है."

"माह्या फोनात तं गानंबी वाजत नाही."

"किसी और का लिया होगा."

"मंग मशीनले विचारा ना जी, कोनाचं बोट होतं."

सेठांनी बंटीला फोन लावला. "पता चल जाता सेठजी," बंटी म्हणाला, "पर वो प्रीमियम में है."

आठ दिवसांनी सेठांनी प्रीमियम घेतलं. नोंदी उघडल्या. पहिली ओळ त्याच दिवसाची होती. त्याआधीचं काही साठवलेलंच नव्हतं.

सेठांनी पोलिसांत तक्रार दिली नाही, आणि हा आपला मोठेपणा असं त्यांना मनापासून वाटायचं. "तुझे चोर नहीं बोल रहा. बस कल से मत आ." ही बातमी केवळरामच्या सायकलीआधी बाकीच्या मिलांत पोचली. गोदामाची किल्ली त्याला कुणी देईना. दर सोमवारी तो सेठांच्या दारात जाऊन उभा राहायचा.

"एक चिठ्ठी द्या सेठजी. मी नेलं नाही म्हनून. तुमच्या हातानं लिवा."

"मेरे को पता ही नहीं, तो क्या लिखूँ?"

हे ऐकून तो परत यायचा. दुसऱ्या सोमवारी पुन्हा जायचा.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तो माझ्याकडे आला. फोन दोन्ही हातांत धरला होता. संदेश होता, 'प्रिय केवळराम, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपण आमच्या परिवाराचे विश्वासू सदस्य आहात.' खाली मिलचं नाव.

"गुरुजी," त्याने विचारलं, "हे सेठजीनं लिवलं का?"

चौदा जणांचं अक्षर ओळखणारा माणूस मला अक्षर विचारत होता. मशीनने आपोआप पाठवलं, बेसिकमध्येच येतं ते, असं मी सांगितलं. त्याने फोन खिशात ठेवला. मी पाणी दिलं, ते तो प्यायला नाही. सोमवारी सेठांकडे जाणं त्याने त्यानंतर बंद केलं.

२०१५ साली मिलने दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. जुन्या नोंदी सोबत नेण्याची सोय पॅकेजात नव्हती, म्हणून त्या पुसल्या गेल्या. केवळराम आता फुलचूरच्या एका मंगल कार्यालयात चपला सांभाळतो. काम लग्नसराईपुरतंच असतं.