तारा आणि तार

सातवीतून शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि मी कोकणातून सोलापुरात, शुक्रवार पेठेत आले. आमच्याकडं उतरती कौलं. घराच्या डोक्यावर माणसं बसतात हे इथं पहिल्यांदा पाहिलं. उन्हाळ्यात दिवेलागणीला सासरे माळवदावर जायचे. मातीचं ते सपाट छप्पर पाणी शिंपडलं की निवायचं.

त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती. मला सातवा महिना. एसटीनं घाट उतरायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. माझा जीव दाराशी. तार येईल, एवढीच धास्ती.

एका संध्याकाळी वरून सासरे ओरडले, "तारा!" मला ऐकू आलं, तार. हातातली परात पडली.

ते घाईनं खाली आले. "आगं, तारा म्हणालो की मी. चालता तारा. माणसानं सोडलेला उपग्रह. चल, दावतो."

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "जावा. भाकरी बी वरच थापा."

वर सासऱ्यांनी मला कठड्याला टेकवून बसवलं. "एकाच चांदणीकडं बघू नको. नजर सैल सोड. लुकलुकलं तर इमान. न लुकलुकता सरळ चाललं, की त्योच."

पहिले कितीतरी दिवस मला काही दिसलं नाही. मग एकदा दिसला. आमच्या गावाच्या दिशेनंच वर आला.

"तुझ्या आईच्या डोक्यावरनंच आला असंल," सासरे म्हणाले.

डोक्यावरून थोडा पुढं गेला आणि विझला. मी चटकन सासऱ्यांकडं वळले.

"मेला न्हाय गं. पृथ्वीच्या सावलीत शिरलाय. हाय तितंच."

त्या माणसाचे उपकार मी कशानं फेडणार? मला पुन्हा चुकायला नको म्हणून ते त्यानंतर "ताराऽऽ" असं लांबवून हाक मारायचे. मी पिठाच्या हातानं जिना चढायचे.

आणि एका संध्याकाळी ते दारातून म्हणाले, "तार..." आवाज कापला, ओढला गेला. मी हात पुसले आणि वर गेले. कठड्याला टेकून गावाकडच्या आभाळात नजर सैल सोडली. काहीच चालत नव्हतं.

ते मागून हळूहळू वर आले. हातात कागद होता.

"गेला का?" मी विचारलं.

ते माझ्याशेजारी बसले. सावलीचं काही बोलले नाहीत. मी मात्र वाट बघत होते, बोलतील म्हणून.