भोंगा आणि कर्णा

साखर कारखान्याच्या भोंग्याला मी जगाच्या शेवटाचा कर्णा समजले, एवढी मी शहाणी! परवा मळीचा वास आला आणि ती सकाळ आठवली. नवी नवरी होऊन वारणानगरच्या कामगार वसाहतीत आले होते. आदल्या दिवशी चर्चच्या उपासनेत पाळकांनी हर्मगिदोनाची, जगाच्या अंती होणारी लढाई रंगवून सांगितली होती. कर्णा वाजला की लपवलेलं सगळं उघडं पडणार! दुसऱ्या सकाळी गळीत हंगामाचा पहिला भोंगा झाला नि मी पिठाच्या हातानंच सासूबाईंपुढं गुडघे टेकले. "आत्ती, नाताळच्या करंज्यांचं तूप मांजरानं न्हाय, मीच खाल्लं!" आता माहेरी धाडतात, या भीतीनं डोळे मिटले. त्यांचं उत्तर अजून कानात आहे, "ऊठ. दुपारी पाळी बदलताना परत वाजतोय. आणि काय खाल्लं असशील तर तवा सांग."