रजिस्टरातलं माहेरचं नाव

माझा स्वभाव तापट. भांडी आपटणं, नवऱ्याशी वाद घालणं, भाजीवाल्याला सोलून काढणं, यात मला कुणी हरवलेलं नाही. पण एका बाईपुढं मी चौदा महिने तोंड शिवून बसले होते. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

हैदराबादेत कोठी भागाच्या मागं एका मिशनचं मुलांचं घर होतं, तिथं मी मराठी लिहिणारी म्हणून लागले. लोक त्याला अनाथालय म्हणायचे. पण निम्म्या मुलांचे आईबाप जिवंत होते. कुणाचा बाप अंथरुणाला खिळलेला, कुणाची आई विधवा होऊन सासरहून हाकललेली. आईबाप पाय रोवेपर्यंत मूल ठेवायचं आणि मग परत द्यायचं, हा मोठ्या बाईंचा नेम. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मुख्य. मेदककडच्या तेलुगू ख्रिस्ती, बिनलग्नाच्या, माझ्याशी दखनीत बोलायच्या. आईबापांना शोधत त्या बैलगाडीनं खेड्यापाड्यांत जायच्या. माझं काम मराठी पालकांची पत्रं लिहायची-वाचायची आणि मूल येईल तेव्हा रजिस्टरात नोंद करायची. सासूबाई मात्र मी घरी आले की बंब पेटवूनच ठेवायच्या. "किरिस्तावांकडून आलीस, आधी अंघोळ कर," हे रोजचं.

एके दुपारी बेगम बाजारात हमाली करणारा एक मराठी माणूस चार वर्षांची भाची घेऊन आला. मेहुणा वारलेला, बहीण याच्याच खोलीत तापानं फणफणलेली. तिला टांग्यात घालून आणलं होतं, पण उतरायचं त्राण नव्हतं. आईचं नाव काय, मी विचारलं. त्यानं सांगितलं, मी लिहिलं. भाऊ बहिणीला कुठल्या नावानं हाक मारतो? माहेरच्या. लग्नात तांदळात सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहितात, आणि मग सासरी जुन्या नावाला कुत्रंही विचारत नाही. माझीच दोन नावं आहेत. तरी मला टांग्यापर्यंत चार पावलं चालून विचारायचं सुचलं नाही. जेवणाची वेळ झाली होती, भूक लागली होती, बस्स.

पुढं दोन गोष्टी झाल्या. तो भाऊ पटकीनं गेला. आणि आमच्या राज्याचे तीन तुकडे झाले. तेलुगू मुलूख आंध्रात, कानडी म्हैसुरात, मराठी मुंबईला जोडला. माझ्या नवऱ्याची कचेरी तिकडं मराठी मुलखात हलवली. हे म्हणाले, पाच पिढ्या शालीबंड्याला काढल्या, मी जाणार नाही. नोकरी सोडून घरी बसले. मग घरात कमावती मी एकटी. ज्या सासूबाई मला बाटलेली म्हणायच्या, त्याच मला डबा भरून देऊ लागल्या.

अशात ती बाई, त्या पोरीची आई, आली. बरी झालेली, परभणीकडं सासरच्या गावी परतलेली, भांडून राहायला घराचा एक खण मिळवलेला. "माझं लेकरू न्यायला आले माय," म्हणाली. पोरगी अंगणातून "आई गं" म्हणत धावली आणि तिच्या पोटाशी चिकटली. दोघी मराठीत किती बोलल्या. मोठ्या बाईंचे डोळे भरून आले. मग बाईनं गावच्या पाटलाची चिठ्ठी काढली. चिठ्ठीत सासरचं नाव, रजिस्टरात भलतंच. रजिस्टरातल्या नावाशिवाय मूल द्यायचं नाही हा कमिटीचा नियम होता. पूर्वी एक बाई मावशी म्हणून आली आणि दुसऱ्याचीच मुलगी घेऊन गेली होती. तेव्हापासून कमिटी सरकारी कागदाशिवाय ऐकत नसे.

मला तिथल्या तिथं उमगलं. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. पण कमिटीनं त्याच महिन्यात एका लिहिणाऱ्याला चुकीच्या नोंदीवरून काढलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं आमची चूल आली. मी म्हणाले, "बाई, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा तिकडच्या कचेरीचा कागद आणा." किती शहाण्यासारखं बोलले मी!

ती माहेरच्या गावी गेली. तिथला पाटील म्हणाला, लग्न लावून दिलेली लेक आमच्या कागदात नसते. तालुक्याला गेली. तिथं नवीन कारकून मुंबईकडून आलेला, जुनी दफ्तरं सगळी उर्दूत, त्याला अक्षर वाचता येईना. म्हणाला, हैदराबादेला विचारा. इथं विचारलं तर म्हणे, तिकडचं सगळं औरंगाबादला गेलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते हेच. चार महिन्यांनी ती हात हलवत परत आली, आणि मी पुन्हा दुसरी अर्जी लिहून दिली. सुवाच्य अक्षरात. अर्ज्या लिहिताना मला स्वतःची किळस यायची, पण हात थांबत नसे.

मोठ्या बाईंची एक रीत होती. सकाळच्या प्रार्थनेत त्या रजिस्टर उघडून एकेका मुलाच्या आईबापाचं नाव घ्यायच्या, मुलांनी त्यांना विसरू नये म्हणून. आपल्या आईचं नाव आलं की मूल मान वर करायचं. ही पोर कधीच करायची नाही. बापाच्या घरात ते नाव तिनं ऐकलेलंच नव्हतं, आणि मामाकडचे चार दिवस तिच्या ध्यानात कुठले राहायला! रोज सकाळी माझं चुकलेलं नाव देवापुढं वाचलं जायचं आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकायचे. चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, मोठ्या बाई मुद्दाम माझ्याकडं बघतात. नोकरी सोडावी तर घर उपाशी, राहावं तर रोज हे. रविवारीसुद्धा सुटका नव्हती, स्वैपाक करताना ते नाव कानात असायचं.

तोवर बाकीची मराठी मुलं एकेक करून आपापल्या जिल्ह्यांत गेली. ही एकटी उरली. मी तिच्याशी मराठीत बोलायला हवं होतं. तिथं मराठी बोलणारी मी एकटीच होते. पण ती समोर आली की मी मान फिरवून दुसरीकडं जायचे. तिच्या आईच्या दुसऱ्या खेपेला पोरगी अर्धं तेलुगू बोलली. तिसऱ्या खेपेला आईनं विचारलं, "जेवलीस का गं?" पोरगी माझ्याकडं बघत राहिली. आईही माझ्याकडंच बघू लागली. दोघींच्या मध्ये स्टुलावर बसून मी आईचं लेकीला तेलुगूत आणि लेकीचं आईला मराठीत सांगत होते. त्या दिवशी मला सहन झालं नाही.

बाई वऱ्हांड्यात असतानाच मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं ओकले. टांगा, भाऊ, माहेरचं नाव, चौदा महिने. रडत नव्हते, रागानं बोलत होते. राग कुणावर, तर स्वतःवर. त्यांनी ऐकून घेतलं. रजिस्टर काढलं. माझ्याकडून समासात सासरचं नाव लिहून घेतलं, "लिहिणारीची चूक" असं लिहून घेतलं, खाली माझी सही, त्याखाली त्यांची. "कमिटी से मैं बोल लेती," म्हणाल्या. शाई वाळायला लागला तेवढाच वेळ. मग म्हणाल्या, "इत्ती सी बात थी. पैले कायकू नै बोले?"

नोकरी गेली नाही. पगारही कापला नाही. काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. निदान मी भीत होते त्यात काही तथ्य तरी निघालं असतं.

त्याच आठवड्यात पोरगी निघाली. नामपल्ली स्टेशनवर पोचवायला मी गेले. मोठ्या बाईंनीच पाठवलं, दोघींना बोलायला कुणी हवं म्हणून. आईनं खिडकीजवळ जागा धरली आणि लेकीला मांडीवर घेतलं. ती सारखी तिच्या केसांवरून हात फिरवत होती. मी फलाटावर खिडकीपाशी उभी होते. गार्डची शिट्टी झाली तशी पोरीनं माझा हात धरला. "अक्का, नुव्वु कूडा रा," म्हणाली. तू पण चल. मग भराभर तेलुगूत सांगू लागली: हिला माझं काही कळत नाही, मला भूक लागली तर मी कुणाला सांगू?

आईनं विचारलं, "काय म्हणते ओ बाई?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणाले, "पाणी मागते."

बाईनं लगबगीनं पिशवीतून तांब्या काढला आणि तिच्या तोंडाशी धरला. पोरीला तहान नव्हती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि माझा हात सोडून तांब्या दोन्ही हातांनी धरला. गाडी हलली तेव्हा ती पाणी पीत होती.