पुसलेला हापसा

जामखेडात आमच्या गल्लीत बातमी आली ती अशी, की कृपादान उजागरेला चोर म्हणून लिंबाच्या झाडाला बांधला. बातमीत दोरी होती, मार होता, सायकल तर म्हणे विहिरीत. यातलं झाड तेवढं खरं. त्याला कुणी बांधलं नव्हतं. काठी बघून त्यानंच खोडाला मिठी मारली होती.

कृपादान चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. रविवारी चर्चमधून आला की सायकलच्या हँडलला जीपीएसचा मुठीएवढा डबा बांधून निघतो. जाईल ती वाट डबा टिपून ठेवतो. फाटा, चढ, पाणी दिसलं की हा बटन दाबून खूण करतो आणि घरी येऊन सगळं सायकलवाल्यांच्या नकाशात चढवतो. नकाशा खुला, कुणीही फुकट बघावा. बायकोनं मंडईत पाठवला तर हा भलत्याच गल्लीत सापडतो, ही गोष्ट वेगळी.

त्या रविवारी डोंगराखालच्या वस्तीवर उन्हानं त्याचा जीव कासावीस झाला आणि समोर हापसा दिसला. पोटभर पाणी प्याला, बटन दाबलं. डबा टुईं करून वाजला. आजूबाजूच्या सगळ्या दारांना कुलपं होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दिवाळीनंतर ही वस्ती ऊसतोडीला जाते आणि किल्ल्या बायडाबाईच्या हवाली करते. म्हातारी त्यांचा जुडगा गळ्यात घालून वावरते. त्यात चोर बंद घरं हेरत फिरतायत, अशी हवा तालुकाभर उठलेली. टुईं ऐकताच तिनं अशी बोंब ठोकली, की शेजारच्या रानात काम करणारा आसाराम आणखी दोघांना घेऊन काठ्यांसकट धावला.

"कुनाच्या घरावर निशानी लावतो रं?" त्यानं हँडल धरलं.

"सायकलवाल्यांचा नकाशा हाय, दादा. हापसा दाखवला फकस्त."

डब्याच्या पडद्यावर खुणांच्या टिकल्याच टिकल्या. आसारामनं काठी उगारली. "बघा, समदी घरं हेरल्यात ह्यानं!"

पाठीशी झाड, पुढं काठी. कृपादाननं वळून खोडालाच मिठी मारली. इथं डोकं फुटलं तर घरी कळायचं कसं, एवढंच त्याच्या मनात. तेवढ्यात बायडाबाई पुढं झाली.

"हे कुनाकुनाला दिसतंय?"

"घरी जाऊन चढवलं की सगळ्या जगाला, आजी."

"चोराला बी?"

इतकी वर्षं नकाशे केले, पण हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

म्हातारीनं जुडगा छातीशी घट्ट धरला. "लोकांनी मह्या जिवावर घरं टाकल्यात, बाबा. एक जरी फुटलं तर म्या काय तोंड दावू?"

कृपादाननं सगळ्यांदेखत हापशाची खूण पुसायला घेतली. घाईत दोनदा भलतंच बटन दाबलं गेलं, दोन्ही वेळा काठी वर गेली. टिकली गेल्यावर कुठं आसारामनं हँडल सोडलं. नकाशात आता नुसती वाट आहे, घाटापर्यंत पाण्याचा थेंब नाही.

गल्लीत त्याला सुखानं चहा पिऊ देतो कोण? वाल्मिक न्हाव्यानं दुकानातूनच टोमणा हाणला, "काय कृपादानभाऊ, म्हातारीला भिऊन हापसा गायब केला म्हनं!"

कृपादाननं कप खाली ठेवला. "भ्यालो, खरंय. गावभर सांगत्यात तसं सांगा खुशाल. पन ती म्हातारी माझ्याहून जास्ती भ्याली हुती, ते बी सांगत चला."