हाक बारीक झाली तेव्हा

तीस सालाच्या सुमारास मी दिघी बंदरात कारकून होतो. पावसाळ्याआधी कोळी आपले मचवे किनाऱ्यावर ओढत, तेव्हा दोर धरणाऱ्यांना हाक द्यायला एक म्हातारा असे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याची हाक पूर्वी बाजारापर्यंत ऐकू यायची. त्या वर्षी मात्र ती मध्येच चिरकली, कुणी आधी ओढलं, कुणी मागाहून, आणि मचवा तिरका होऊन वाळूत रुतला.

"आजा, घरी बस आता! मांजर बरं वरडतं," एक तरुण हसला.

म्हाताऱ्यानं डोक्यावरची लाल टोपी सारखी केली. "इतकी वर्सं माजा आवाज तुमच्याकडं येत व्हता. आता तुमी त्याच्याकडं या. जरा गप ऱ्हावा."

सगळे गप्प झाले. त्या बारीक हाकेवर मचवा सरळ वर आला.

माझ्या वडिलांचा आवाजही तेव्हा खोल गेला होता, आणि मी त्यांच्यावर खेकसत असे. आता जवळ बसून ऐकायचं, असं त्या संध्याकाळी मी ठरवलं. चारच दिवसांनी ते ओटीवरून काही विचारू लागले. मी घाईत होतो.

"बाबा, जरा मोठ्यानं!"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. काय विचारायचं होतं, ते मला अजून ठाऊक नाही.