अडकलेली ओळ

ओल्या हळदीचा आणि झेंडूचा वास एकत्र आला की मला द्वारका सर्कलजवळचा तो रेकॉर्डिंग स्टुडिओ आठवतो. माझं लग्न ठरलं तेव्हा हळदीला नवरा-नवरीने स्वतः गायलेलं गाणं वाजवायची टूम आमच्याकडे नवीनच निघाली होती. होणाऱ्या नवऱ्याने हौसेने गाणं लिहिलं. बाहेर ट्रकचे हॉर्न, आत जुन्या एसीचा कुबट गारवा, आणि काचेपलीकडे तो, त्याची बहीण नि रेकॉर्डिस्ट. माझ्या वाट्याला ओळ आली होती, ‘तुझ्याआधी मनात कोणी नव्हतं’. दरवेळी आवाज तिथेच अडकायचा. “ताई, सूर लागत नाहीये,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “सूर ठीक आहे, ओळ खोटी आहे,” मी माइकमध्येच बोलले. “माझ्या मनात आधी एक जण होता. मी हे गाणार नाही.” नणंदेने कपाळाला हात लावला. होणारा नवरा मात्र उठून आत आला. “आता आहे का?” त्याने विचारलं. “नाही.” “मग तसंच गा.” मी ओळ बदलून गायले, ‘तुझ्याआधी मनात कोणी होतं, आता नाही’. हळदीच्या मांडवात ती ओळ वाजली तशा माम्या-मावश्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आईने डीजेवाल्याला आवाज कमी करायला खुणावलं. मी पाटावरून उठले आणि हळदीने माखलेल्या हाताने तो पुन्हा वाढवला. आज भाचीची हळद आहे. सकाळीच ती स्वतःचं गाणं ऐकवायला आली होती. चाल झकास आहे, मी म्हटलं, पण खरं सांग, कुठली ओळ गाताना तुझा आवाज अडकला?